एंटरप्राइझ डिंगी: मेनशीट मागेच ठेवू की मध्ये घेऊ?

भरती_ओहोटी:
नमस्कार मंडळी. आतेभावाने आणि मी मिळून एक जुनी लाकडी एंटरप्राइझ डिंगी (छोटी शिडाची होडी) घेतली आहे, सव्वातेरा फुटी. जुन्या पद्धतीप्रमाणे मेनशीट (मुख्य शीड ओढायची-सोडायची दोरी) बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकापासून सरळ ट्रान्समवरच्या (नावेच्या मागच्या सपाट फळीवरच्या) ब्रायडलला, म्हणजे आडव्या बांधलेल्या दोरीला येते. नाव चालवतो पुण्याजवळच्या एका धरणात. वारा डोंगरांमधून येतो, त्यामुळे दिशा आणि जोर दोन्ही बेभरवशाचे.

टॅक करताना (पुढचं टोक वाऱ्यातून वळवताना) शीट पाठीमागे असल्याने मागे तोंड करून बाजू बदलावी लागते आणि झोत नेमका तेव्हाच येतो. जाइब करताना (मागचं टोक वाऱ्यातून वळवताना) ढिली दोरी ट्रान्समच्या कोपऱ्यात अडकते. बूम अर्ध्यावर थांबते आणि नाव कलते. म्हणून शीट बूमच्या मध्यावरून थेट खाली, सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या मागे उतरवावी असं मला वाटतं. आतेभावाचं उत्तर: "जॅक होल्टला (एंटरप्राइझचा आरेखक) कळत नव्हतं काय?"

बूम लाकडी आणि बारीक आहे. मध्ये मोडेल का? पुल्या किती लागतील? आणि तळाला भोक पाडायला हात धजत नाही.

पाणकोंबडी:
टोकाला पुल्यांची २:१ रचना (हाताच्या ओढीची दुप्पट) पुरत असेल तर मध्यावर ४:१ लागेल, कारण अंतर निम्मं झालं की ओढ दुप्पट लागते. दोरी मात्र फारशी जास्त ओढावी लागत नाही, मध्यावर बूम सरकतेही निम्मीच.

खरी चिंता बूमची. ती दुप्पट ओढ तिच्या पोटात बसते. बारीक बूम वाकली की शिडाचा खालचा भाग सपाट होतो, जोराच्या वाऱ्यात ते बरंच. पण लाकडात गाठ किंवा जुन्या स्क्रूचं भोक असेल तर तडा तिथूनच जाणार. बूम उतरवून, उन्हात धरून नीट बघा.

दर्यावर्दी_आजोबा:
अहो, दोन्हीच्या मधला मार्ग आहे की! लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) बघा. शीट मागून बूमच्या टोकाला जाते, बूमखालून पुढे मध्यावर येते आणि तिथून खाली रॅचेट ब्लॉकमधून (एकाच दिशेने फिरून हातावरचा ताण हलका करणाऱ्या पुलीतून) हातात. भार बराचसा टोकालाच राहतो आणि तुमचं तोंड मात्र पुढे.

तो ब्लॉक तळाच्या पातळ प्लायला ठोकू नका, उपटून येईल. खाली मधोमध कण्याचं जाड लाकूड असतं, त्यात पक्का करा आणि स्क्रू घालण्याआधी भोकात इपॉक्सी भरा. पाणी मुरलं की प्लाय संपला.

कोपऱ्यात दोरी अडकण्याचा त्रास याने जाणार नाही. लेझरवालेही त्यालाच शिव्या घालतात. बूम डोक्यावरून जाताना ढील झटकन ओढून घ्यायची, एवढाच उपाय.

पाणकोंबडी:
आजोबांना अनुमोदन. आणि शीट क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात) अडकवून बसू नका. डोंगरातला झोत आला की सोडायला वेळ मिळत नाही.

भरती_ओहोटी:
धन्यवाद! लेझरची पद्धत आतेभावालाही पटली (होल्टचा मान राहिला म्हणे). आता ८ मिमी दोरीला चालेल असा रॅचेट ब्लॉक हवाय. कोणाकडे जुना पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बूमखाली दोरी लोंबून मानेत अडकू नये म्हणून काय करता?

दर्यावर्दी_आजोबा:
बूमला मध्ये नायलॉनच्या पट्टीचा सैलसर फास. दोरी त्यातून ओवायची.