गोमुख किती मागे सरकलं? दोघांच्या मोजणीत २०० मीटरचा फरक

प्रश्न (नाशिक)
टीवायच्या भूगोल प्रकल्पासाठी गंगोत्री हिमनदीचं मुख (खालचं टोक, म्हणजेच गोमुख) किती मागे गेलं ते क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजतोय. १९९० चं लँडसॅट आणि २०२३ चं सेंटिनेल-२, हीच उपग्रहचित्रं दोघांनी मोजली तर उत्तरात २०० मीटरचा फरक. चूक कुठे शोधायची?

उत्तर १
आधी तारखा बघा. चित्र सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचं हवं. जूनमध्ये हिवाळ्याचा उरलेला बर्फही हिमनदीच वाटतो.

पण गोमुखाची खरी अडचण दगडमातीची. हिमनदीचा खालचा भाग डबराने (दगडमातीच्या थराने) झाकलाय, त्यामुळे बर्फ आणि दरी एकाच मातकट रंगाची दिसतात. पांढरं संपतं तिथे मुख धरलंत तर कित्येक किलोमीटरने चुकाल. भागीरथी पहिल्यांदा दिसते ती जागा आणि तिच्या डोक्यावरच्या बर्फकड्याची सावली, या खुणा धरा. एकाने नदीचं तोंड आणि दुसऱ्याने कड्याचा माथा धरला, तरी आकडे जुळायचे नाहीत.

उत्तर २
एकाच रेघेवर मोजू नका, मुख वाकडंतिकडं असतं. दरीच्या दिशेने ५०-५० मीटरवर समांतर रेघा ओढून सरासरी काढा. प्रोजेक्ट यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) ४४ उत्तर या झोनला लावा. ४३ हा आपल्या नाशिकचा झोन. मग एखादा न हलणारा खडक दोन्ही चित्रांत जुळतो का ते तपासा.

लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटर, सेंटिनेलचा १०. या दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ सुमारे ३२ मीटर; एवढी चूक गृहीतच धरा. १९३५ ते १९९६ मध्ये मुख ११४७ मीटर मागे गेलं, म्हणजे वर्षाला सरासरी १९. लागोपाठच्या दोन वर्षांतला फरक या चित्रांवर दिसणारच नाही. ३३ वर्षांचं अंतर घेतलंत, ते योग्यच.

उत्तर ३
अहवालात एक गोष्ट जरूर लिहा. आपल्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आलं यावरून पूर किती चढला ते कळतं, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते नाही. मुखाचंही तसंच. डबराचा जाड थर खालचा बर्फ उन्हापासून राखतो (पातळ थर मात्र तापून उलट जास्त वितळवतो), म्हणून मुख जागच्या जागी राहूनही हिमनदी वरून पातळ होत जाते.

हे पातळ होणं मोजायला बर्फात भोक पाडून बांबू रोवतात. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून अशी मोजणी चालू आहे. वर्षभरात बांबू १.५ मीटर जास्त उघडा पडला, तर बर्फाच्या घनतेच्या ०.९ ने (पाणी १ धरून) गुणून १.३५ मीटर पाणी गेलं असं धरतात. हे तुमच्या दोन चित्रांतून निघणार नाही, त्यामुळे ‘हिमनदी इतके टक्के घटली’ असं लिहू नका. फक्त मुख किती सरकलं तेवढंच लिहा.