पाळीव कुत्रीच्या विम्याचा दावा ‘प्रजननाशी संबंधित विकार’ म्हणून नाकारला. फेरविचाराचा अर्ज कसा लिहावा?

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. आमच्या घरी शेवंती नावाची साडेपाच वर्षांची लॅब्रेडोर कुत्री आहे. तिचा विमा आम्ही गेल्या वर्षी उतरवला आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरणही केले, त्यामुळे पॉलिसीत खंड पडलेला नाही. लसीकरणाचे कार्ड पूर्ण आहे, मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक पॉलिसीवर नोंदलेला आहे आणि शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचार यांसाठी साठ हजार रुपयांचे संरक्षण आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रार मांडण्यापेक्षा पुढचा अर्ज नीट लिहिण्यासाठी मदत हवी आहे.

शेवंती जूनच्या अखेरीस माजावर येऊन गेली होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिने खाणे सोडले, ती सारखे पाणी पिऊ लागली आणि एका संध्याकाळी तिला तीनदा उलटी झाली. अंगावरून काहीही जात नव्हते, म्हणून आम्हाला वाटले की पोटच बिघडले असावे. डॉक्टरांनी त्याच रात्री सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भाशय पुवाने भरून फुगलेले दिसले, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी अडतीस हजारांवर गेल्या होत्या. गर्भाशयाचे तोंड बंद असल्याने पू बाहेर पडायला वाट नव्हती आणि सकाळपर्यंत थांबणे धोक्याचे होते. रात्री साडेअकराला शस्त्रक्रिया करून गर्भाशय व अंडाशय काढले. त्यानंतर तीन रात्री ती सलाईनवर होती. चौथ्या दिवशी तिने हातातून दहीभात खाल्ला, तेव्हा आमच्या घरातही सगळे पहिल्यांदा नीट जेवले.

खर्च एकूण ४६,८०० रुपये झाला. त्यात शस्त्रक्रिया व भूल २४,०००, रुग्णालयातील वास्तव्य ७,५००, तपासण्या ६,३०० आणि औषधे ९,००० रुपये असा हिशेब आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कंपनीला कळवले, दावा क्रमांक घेतला आणि आठवड्याभरात दाव्याचा अर्ज, मूळ बिले, मेडिकलच्या पावत्या, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा व रक्ताचा अहवाल आणि लसीकरणाचे कार्ड असे सर्व काही पाठवले. पुढे त्यांनी डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक मागितला, तोही दिला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जे पत्र आले, त्यात एवढेच लिहिले आहे की हा प्रजननाशी संबंधित विकार असल्याने वगळणुकीच्या कलमानुसार दावा देय नाही.

मी ते कलम अनेकदा वाचले. त्यात गर्भधारणा, विणे, गर्भपात, पैदाशीसाठी केलेला संकर आणि त्यांतून उद्भवणारे विकार वगळलेले आहेत; ‘प्रजननसंस्थेचे सर्व आजार’ असे शब्द त्यात कुठेही नाहीत. शेवंतीचा संकर आम्ही कधीही केलेला नाही आणि ती कधी व्यायलेली नाही. अडचण अशी की डिस्चार्ज कार्डावर निदानापुढे कंसात ‘प्रजननसंस्थेचा विकार’ असे लिहिलेले आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे कंपनीने तेवढेच शब्द उचलले. शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या एका केस पेपरवर ‘नसबंदीचा सल्ला दिला’ अशी नोंद आहे, ती पुढे आमच्याविरुद्ध वापरली जाईल का, हीही चिंता आहे.

एका परिचितांनी डिस्चार्ज कार्डच नवे लिहून घ्या असे सुचवले, पण झालेल्या नोंदीत फेरफार करणे मला मान्य नाही आणि डॉक्टरांना तसे विचारणेही मला योग्य वाटत नाही. मग डॉक्टरांकडून वेगळे प्रमाणपत्र घ्यावे का, घ्यायचे तर त्यात नेमके काय असावे, आणि अर्ज कोणाकडे, कोणत्या क्रमाने करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी छोट्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक आहे. आपण वर्णन केलेल्या आजाराला पायोमेट्रा म्हणतात आणि नसबंदी न केलेल्या, मध्यम व उतारवयाच्या कुत्रींमध्ये तो आम्ही नेहमी पाहतो. माज संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने वाढलेले असते. त्याच्या परिणामाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, स्राव साठतो आणि त्यात जंतू वाढतात. बहुतेक वेळा ते आतड्यातील ई. कोलाय असतात. यासाठी संकर व्हावा लागत नाही, गर्भ राहावा लागत नाही, हा मुद्दा आपल्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि जूननंतर ऑगस्टमध्ये आजार दिसणे हेही त्या क्रमाला धरूनच आहे.

वेगळे प्रमाणपत्र अवश्य घ्यावे, परंतु त्यावर ज्या दिवशी ते दिले त्याच दिवसाची तारीख असावी आणि ते मूळ डिस्चार्ज कार्डाचे स्पष्टीकरण आहे असा उल्लेख असावा. सोनोग्राफीत किंवा शस्त्रक्रियेत गर्भ, वार किंवा प्रसूतीची कोणतीही खूण आढळली नाही, आजार जंतुसंसर्गाचा होता आणि तातडीने शस्त्रक्रिया न केल्यास जिवाला धोका होता, एवढी तीन विधाने पुरेशी आहेत. काढलेले गर्भाशय पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवले होते का, हे विचारून पाहा. नसबंदीच्या सल्ल्याबद्दल म्हणाल, तर तो आम्ही जवळजवळ प्रत्येक पालकाला देतो. तो सल्ला म्हणजे आजाराचे निदान नव्हे, आणि तोवर गर्भाशयाचा कोणताही त्रास नसल्याची नोंद केस पेपरवर असेल तर त्याची प्रतही जोडावी.

प्रतिसाद २

मी साधारण विम्याच्या दावे विभागात बरीच वर्षे काम केले आहे. ताईंनी डिस्चार्ज कार्डाला हात लावला नाही हे फार चांगले केले, कारण बदललेला एक कागद हाती लागला तर खरा दावाही बुडतो.

अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि तो दाव्याच्या विभागाला पाठवलेल्या पत्रव्यवहारापासून वेगळा ठेवावा. पहिल्या परिच्छेदात पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक आणि नकाराच्या पत्राची तारीख द्यावी. दुसऱ्या परिच्छेदात वगळणुकीचे कलम शब्दशः उतरवून त्यातील कोणत्या शब्दांत हा आजार बसतो, असा सरळ प्रश्न विचारावा. अपघात किंवा आजार झाला हे दाखवणे विमाधारकाचे काम असते. तो वगळणुकीत बसतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते, आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर तो मसुदा ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरावा, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलेले आहे. सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालाप्रमाणे, नकाराच्या पत्रात न दिलेले कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणून नसबंदीच्या नोंदीची चर्चा आपण स्वतः उकरून काढू नये. कंपनीने विचारलेच तर खरे ते सांगावे.

नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावरही तीच तक्रार नोंदवावी. कंपनीने पुन्हा नाकारले किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते आणि त्यांचे कार्यालय पुण्यातही आहे. तेथे शुल्क नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार दाखल करावी लागते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे आणि तेथील मुदत दोन वर्षांची असते, परंतु तेच प्रकरण आयोगात प्रलंबित असेल तर लोकपाल ते हाती घेत नाहीत, त्यामुळे आधी लोकपाल हा क्रम ठेवावा असे मला वाटते.

मूळ धागालेखिकेचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आज मी डॉक्टरांना भेटून आले. गर्भाशय तपासणीला पाठवलेले नव्हते, मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेली तारखेसह छायाचित्रे त्यांच्याकडे आहेत, आणि त्यांनी आजच्या तारखेचे प्रमाणपत्र न कुरकुरता लिहून दिले. दोन वर्षांपूर्वीच्या त्या केस पेपरवर नसबंदीच्या ओळीच्या वर ‘तपासणीत सर्व ठीक’ असे लिहिलेले आहे, जे काळजीच्या भरात माझ्या नजरेतून निसटले होते.

अर्जाचा मुख्य परिच्छेद मी असा लिहिला आहे, शब्दांत काही चूक दिसल्यास सोमवारी स्पीड पोस्टाने पाठवण्यापूर्वी जरूर सांगावी: “आपल्या कलमात गर्भधारणा, विणे, गर्भपात, संकर व त्यांतून उद्भवणारे विकार वगळलेले आहेत. विमा उतरवलेल्या कुत्रीचा संकर कधीही झालेला नाही व ती कधीही गाभण राहिलेली नाही. तिला झालेला आजार गर्भाशयातील जंतुसंसर्गाचा होता, हे सोबतच्या प्रमाणपत्रावरून व अहवालांवरून दिसते. हा आजार वरीलपैकी कोणत्या कारणातून उद्भवला, हे कृपया लेखी कळवावे. ते दाखवता येत नसल्यास ४६,८०० रुपयांचा दावा मंजूर करावा.”