नोटीस पिरियड चालू असताना जर्मनीच्या पीआरचा (कायम राहण्याच्या परवान्याचा) अर्ज टाकावा का?

नेकारकाठची
मंडळी, श्टुटगार्टजवळ एका ऑटो सप्लायरकडे आहे, आमच्या अख्ख्या टीमला नोटीस आलीये, तीन महिन्यांची. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, बी१ (मध्यम पातळीचं) जर्मन असेल तर पीआरला २१ महिने नोकरी आणि तेवढेच पेन्शनचे हप्ते लागतात, ते नुकतेच भरलेत, सर्टिफिकेटही हातात आहे. नवरा म्हणतो पगार अजून येतोय तोवर अर्ज टाकून मोकळं होऊ, नोटिशीचं आपणहून बोलायचं नाही. मला हे अजिबात पटत नाही. जिथे पोरांना वाढवायचं तिथला कायमचा कागद लपवाछपवी करून का घ्यायचा? तुमचं काय मत?

ढोलताशा_म्युनिक
ताई, तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत. पीआर एकदा हातात आला की मग नोकरी गेली म्हणून तो कोणी काढून घेत नाही, आणि तुम्ही थांबलात तर काय होईल ते बघा, नवीन नोकरी म्हणजे परत सहा महिने प्रोबेशन, परवाने देणाऱ्या बऱ्याच सरकारी ऑफिसात प्रोबेशन संपल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही, त्यावर अपॉइंटमेंटची वाट, म्हणजे वर्ष गेलंच. टॅक्स भरला, पेन्शन भरली, भाषा शिकलात, हक्काचं आहे ते. कंपनीने माणसं काढली यात तुमचा काय दोष? आजच टाका.

वऱ्हाडी_बर्लिनात
हक्काचं आहे हे मान्य, पण गप्प बसून टाका हा सल्ला घातक आहे हो. बहुतेक ऑफिसं कंपनीच्या एचआरकडून भरलेला फॉर्म मागतात, त्यात एक ओळ असते, नोकरी 'उनगेक्युंडिग्ट' आहे का, म्हणजे नोटीस दिलेली नाही ना. एचआर तिथे खोटी टिक करणार आहे का? आणि नोकरी मुदतीआधी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत ऑफिसला कळवायचं हे कायद्यातच आहे, कंपनीलाही चार आठवड्यांत कळवावं लागतं, म्हणजे लपणार काहीच नाही. खोटी माहिती देऊन परवाना घेणं तर सरळ गुन्हा आहे, नंतर उघडकीला आलं तर पीआर रद्द होऊ शकतो, त्याच्या जोरावर पुढे घेतलेलं नागरिकत्वसुद्धा दहा वर्षांपर्यंत काढून घेता येतं. एवढी टांगती तलवार घेऊन कोण जगेल?

ढोलताशा_म्युनिक
खोटं बोला असं मी कुठे म्हणालो? विचारलं नाही तर सांगू नका एवढंच. माझ्या ओळखीत दोघांना असाच मिळालाय.

वऱ्हाडी_बर्लिनात
त्यांना मिळाला म्हणून दोन आठवड्यांचा नियम बदलत नाही ना दादा. तो विचारल्यावर सांगायचा नियम नाहीये, आपणहून कळवायचा आहे.

कऱ्हाडची_लेक
तुम्ही दोघं दोन टोकांना गेलात. अर्ज टाकावा, पण नोटिशीचं पत्र सोबत जोडून. बेकारी भत्ता, म्हणजे आर्बाइट्सलोजनगेल्ड १, हा आपण भरलेल्या हप्त्यांतून मिळतो, तो सरकारी मदतीत धरत नाहीत. नेट पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७, आणि २० महिने हप्ते भरले असतील तर १० महिने मिळतो. नवऱ्याचा पगार असेल तर तोही दाखवा. नाकारलाच तर फी आणि वेळ जाईल, पण निदान फसवणूक नाही.

वऱ्हाडी_बर्लिनात
कऱ्हाडताई, कागदावर ठीक आहे, पण अधिकारी आजची शिल्लक बघत नाही, पुढे घर कसं चालेल ते बघतो, आणि संपत आलेल्या भत्त्यावर तो कायमचा शिक्का मारेल असं मला वाटत नाही. भरलेले महिने खंड पडला तरी वाया जात नाहीत, नवीन नोकरी लागली की तिथूनच पुढे मोजतात. मग घाई कशाला?

कऱ्हाडची_लेक
घाई यासाठी की नोकरी कधी लागेल हे तुम्ही लिहून देणार आहात का? ऑटो क्षेत्राची आत्ताची हालत बघा. ब्लू कार्डला दोन वर्षं झाली नसतील तर युरोपच्या नियमात नोकरीविना कार्ड टिकायला ३ महिनेच धरलेत, दोन वर्षं झाली असतील तर ६. घरात शाळेत जाणारी पोरं असताना हे फार कमी आहे. तीन महिन्यांचा पगार चालू आहे तोवरच फाईल आत जाणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

नेकारकाठची
मीही याच मताची होतेय, पत्र जोडून टाकायचा. नवऱ्याला वऱ्हाडीदादांची ती एचआरच्या फॉर्मची ओळ दाखवली, तेव्हा तो जरा शांत झालाय. कंपनी थोडे पैसे देऊन 'आपसात ठरलं' अशा कागदावर सही मागतेय, त्याचं काय करू?

कऱ्हाडची_लेक
लगेच सही करू नका! तो आउफहेबुंग्सफरट्राग, त्यावर सही केली की नोकरी तुम्ही स्वतः सोडली असं धरून भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडकू शकतो. नोटिशीविरुद्ध कोर्टात जायला तीनच आठवडे असतात, ते पत्र हातात पडल्यापासून, तेव्हा या आठवड्यातच कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. आणि आर्बाइट्सआगेन्टुअरला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नाव नोंदवलंत का? नोकरी संपायला तीन महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर कळल्यापासून तीन दिवसांत नोंदवावं लागतं, नसेल नोंदवलं तर आज रात्रीच ऑनलाइन करून टाका.