‘लागणे’ची वही घेऊन शब्दार्थाच्या परिषदेला जावं का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. कराडजवळच्या एका कॉलेजात बावीस वर्षं मराठी शिकवतेय. मानवी आकलन, तंत्रज्ञान आणि शब्दार्थ अशा विषयावर कुठेशी कार्यशाळा आहे, त्यांनी निबंध मागवलेत. ते पत्रक भाच्याने पाठवलं (तो पुण्यात कॉम्प्युटरवाला) आणि खाली लिहिलं, ‘आत्या, तुझी लागणेची वही काढ.’

वही म्हणजे वर्गातल्या मुलांकडून गोळा केलेली वाक्यं. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागतं, डोळा लागतो, निकाल लागतो, दार लागतं, जीव लागतो. भाजीत मीठ कमी लागतं. तो माझा चुलतदीर लागतो. घाटात गाडी लागते, आणि मिरजेला फलाटावरही गाडी लागते. अशी ६३ झाली आहेत. अर्थ किती, हे मात्र जमत नाही. मागच्या वर्षी मोजले तर २१ भरले, यंदा १७.

अशा परिषदांत नेमकं चालतं काय? मला चर्चासत्र म्हणजे शाल, नारळ, बीजभाषण आणि दुपारी मसालेभात एवढंच ठाऊक. कोडिंगचं नाव काढू नका. तिथे जाऊन हसं होईल का?

टोकन
मॅडम, जा बिनधास्त. पण ‘अर्थ किती’ हा प्रश्न आमच्याकडे मागे पडलाय. आताची मॉडेलं (म्हणजे ढीगभर मजकूर वाचून भाषा शिकलेले प्रोग्राम) आजूबाजूचे शब्द बघून त्या-त्या वाक्यातल्या शब्दासाठी आकड्यांची एक लांबलचक ओळ काढतात. घाटातलं ‘लागते’ आणि फलाटावरचं ‘लागते’ यांच्या ओळी वेगळ्या येतात, यादी लागतच नाही. (हे अजून एक लागणे, घ्या वहीत.) निबंध इंग्रजीत लिहावा लागेल आणि त्यांच्या साच्यात बसवावा लागेल. तेवढं भाचा करेल.

जुना कोशवाला
टोकनराव, प्रश्न मागे पडला असेल, सुटलेला नाही. ताई, मी काही वर्षं मराठी वर्डनेटच्या (शब्द अर्थांप्रमाणे गटांत जोडून ठेवणारा कॉम्प्युटरवरचा कोश) कामावर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९८ साली इंग्लंडात ससेक्समधल्या हर्स्टमॉन्सू नावाच्या किल्ल्यात सेन्सेव्हल भरलं. एकेका शब्दाचे अर्थ आधी ठरवून ठेवायचे, वाक्यं द्यायची, आणि कोणाचा प्रोग्राम बरोबर अर्थ ओळखतो ते बघायचं. गंमत अशी, की ते भरवण्यात पुढे होता भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅडम किलगॅरिफ. शब्दाचे असे सुटेसुटे अर्थ असतात यावर माझा विश्वास नाही, असा निबंध याच गृहस्थाने आदल्या वर्षी छापला होता! मला हा माणूस फार आवडतो.

त्याच्या शंकेत दम होता. यंत्राचे गुण मोजायचे तर आधी माणसांनी उत्तरं ठरवायला हवीत, आणि तिथेच माणसांचं जमेना. वर्डनेटसारखी बारीक भेदांची यादी हातात दिली, तर दोन जाणकारांचं एकमत साधारण ६७ ते ८० टक्के वाक्यांवर होतं. अर्थ ढोबळ केले की ते नव्वदच्या आसपास जातं. म्हणजे तुमचं २१ आणि १७ ही चूक नाही, तोच तुमचा निबंध आहे. कोणते चार अर्थ कशात विरघळले, आणि का? एवढंच लिहा.

वर्डनेट सुरू करणारा जॉर्ज मिलर हा मानसशास्त्रज्ञ, कॉम्प्युटरवाला नव्हे. १९८५ मध्ये प्रिन्स्टनला काम सुरू केलं तेव्हा माणसाच्या डोक्यात शब्द कसे मांडलेले असतात, हा त्याचा प्रश्न होता. वर्डनेटवाल्यांची पहिली जागतिक परिषद २००२ मध्ये भरली तीही आपल्या शेजारी, म्हैसूरला. २०१० ची पवईला, आयआयटीत. आमचं काम हिंदीवरून चालायचं. हिंदीतली संकल्पना घ्यायची आणि मराठी शब्द बसवायचा. बहुतेक वेळा दिवस सुरळीत जायचा, मग ‘माहेरवाशीण’ यायची आणि हिंदीकडून येणारा रस्ताच बंद. त्या एका शब्दावर आम्ही दोन चहा आणि एक अख्खी दुपार घालवली होती.

पुन्हा पवईलाच, डिसेंबर २०१२ मध्ये, कोलिंग ही कॉम्प्युटर आणि भाषा या विषयाची मोठी परिषद झाली. तिच्या पोटात कॉगअ‍ॅलेक्स नावाची कार्यशाळा होती. तुमच्या पत्रकाच्या जवळची वाटते ती. तिचा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे जिभेवर असलेला पण ओठांवर न येणारा शब्द. पुढे २०१४ मध्ये डब्लिनला त्यांनी स्पर्धाच लावली. सर्कस, नाक असे पाच शब्द द्यायचे आणि यंत्राने ‘विदूषक’ ओळखायचा. आपल्या आज्या ‘अगं ते हे गं, त्याचं ते’ म्हणून हेच करतात, फक्त पाच शब्दांतले तीन ‘ते’ असतात.

अशा कार्यशाळा एखाद-दोन दिवसांच्या असतात. पंधरा-वीस मिनिटं बोलायचं, मग प्रश्न. किंवा भिंतीवर पोस्टर लावून शेजारी उभं राहायचं. नवख्याने पोस्टर घ्यावं, माणसं स्वतःहून थांबतात. शाल नाही. जेवण ठीक.

एक सावधगिरी. माझा एक निबंध परत आला होता, कारण परीक्षकाला मराठी उदाहरणं कळली नाहीत. निबंध नाव झाकून तपासतात, त्यामुळे कोण ते ठाऊक नाही. रागावून उपयोगही नव्हता, चूक माझीच होती. प्रत्येक उदाहरण तीन ओळींत द्या. पहिलीत मराठी वाक्य रोमन लिपीत, दुसरीत त्याच क्रमाने शब्दाखाली शब्द आणि विभक्ती, तिसरीत इंग्रजी अर्थ.

अर्धविराम
मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. काका म्हणाले ते बरोबर, पण मॅडम, मोजणारी माणसं वाढवा. ६३ वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहा आणि वीसेक जणांना वेगवेगळं बसवून ढीग करायला सांगा. किती ढीग ते सांगू नका. मग कोणत्या दोन चिठ्ठ्या किती जणांनी एकत्र ठेवल्या ते मोजायचं, भाच्याला अर्ध्या तासाचं काम. आणि माणूस कुठे अडतो तेही टिपून ठेवा. आयआयटी मुंबईतच काही जणांनी अर्थ ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने टिपून २०१३ मध्ये निबंध लिहिला होता. तुमच्याकडे यंत्र नसलं तरी घड्याळ आहे.

टोकन
हे भारी आहे. ढीग झाले की मला पाठवा, मॉडेलचे ढीग शेजारी ठेवून बघू. कोशवाले काका, शब्द मागे घेतो. अर्धा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. काल स्टाफरूममध्ये चौघांना बसवलं. इतिहासाच्या सरांनी सहा ढीग केले आणि हात झटकले. इंग्रजीच्या मॅडमनी एकतीस, त्यात काही ढीग एकेका चिठ्ठीचे. ग्रंथालयातले मामा सगळ्यात सावकाश, पाऊण तास. त्यांनी ‘निकाल लागतो’ आणि ‘दार लागतं’ एकत्र ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘दोन्हीकडं पुढचं बंद होतं की ओ बाई.’ बावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. उठताना त्यांनीच विचारलं, यात ‘अर्थ लागतो’ची चिठ्ठी कुठाय? नव्हती. आता ६४, आणि टोकन यांची यादी धरली तर ६५.

तर पाठवतेय निबंध. पण कोशवाले भाऊ, तुमच्या त्या दुसऱ्या ओळीवर अडकलेय. ‘मला घाटात गाडी लागते’. गाडी प्रथमेत, क्रियापदही तिच्याच मागे जातं, आणि त्रास सगळा ‘मला’. भूक, ऊन, ठेच सगळ्यांचं तसंच. इथे ‘मला’खाली नुसतं चतुर्थी लिहून भागेल, की अनुभवणारी मी आहे हेही तिथेच लिहायचं?