ओप्रा विन्फ्रेंची शाळा: असं दान आपल्या जिल्ह्यांना हवं का?

अजिंक्यतारा (सातारा)
अमेरिकेच्या टीव्ही सूत्रसंचालक ओप्रा विन्फ्रे यांनी १९८६ ते २०११ टीव्हीवर आपला कार्यक्रम चालवला आणि त्या कमाईतून जोहान्सबर्गजवळ गरीब मुलींसाठी निवासी शाळा काढली. जानेवारी २००७ मध्ये उद्घाटनाला नेल्सन मंडेला होते. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, सुरुवातीला मुली १५२. एवढ्या पैशात साध्या शाळा किती झाल्या असत्या! अशा दानाने निवडक मुली वर येतात, गाव आहे तिथेच राहतं. माण, खटाव, जतच्या पोरींना वेळेवर येणारी एसटी द्या आणि त्यांच्या आईच्या नावावर चार पैसे ठेवा.

कृष्णाकाठ (सांगली)
दादा, अजिबात पटलं नाही. गरिबाच्या मुलीला पत्र्याची खोली पुरे, हे ठरवणारे आपण कोण? जतकडची जोडपी आगाऊ पैसे (उचल) घेऊन सहा-सहा महिने उसाच्या फडावर असतात. मागे वयात आलेल्या मुलीला सांभाळणारं कोणी नाही, म्हणून तिचं लग्न उरकतात. तिथं एसटी काय करणार? तिला राहायला सुरक्षित जागा लागते. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आपल्या अण्णांनीही १९२४ साली साताऱ्यात वसतिगृहच काढलं होतं.

अजिंक्यतारा
ताई, अण्णांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथली मुलं राबून शिकली. मुलांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. म्हणून त्यांची रयत शिक्षण संस्था खरंच रयतेची झाली. एकाच श्रीमंत व्यक्तीच्या खिशावर चालणारी शाळा तिच्यामागे कोण चालवणार?

म्हसवडची सून
तुम्ही दोघंही पैसा किती आणि कुणाचा यावरच भांडताय. ठरवणार कोण, ते बोला.
आमच्या माणदेशी महिला बँकेला रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला, कारण बायका अंगठा उठवणाऱ्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या लोकांनाही तसंच सांगायला लावा. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. बँक उभारणाऱ्या चेतना सिन्हा मुंबईच्या, पण त्या म्हसवडला येऊन राहिल्या, इथेच संसार केला. त्याच कामातून २००८ मध्ये माणदेशी तरंग हा रेडिओ सुरू झाला. बोलणारा प्रसिद्ध माणूस बाहेरून आणावा लागला नाही, माइकसमोर इथलीच माणसं बसतात. मला हे दान कुठल्याही भव्य इमारतीपेक्षा मोठं वाटतं.

कृष्णाकाठ
वहिनी, ठरवण्याचा हक्क महत्त्वाचा, हे सांगलीला वेगळं सांगायला नको. वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या, अशी अट आली तेव्हा वेश्याव्यवसायातल्या बायांबरोबर काम करणाऱ्या इथल्या संग्राम संस्थेने २००५ मध्ये अमेरिकी सरकारचा निधी सोडला. ज्या बायांबरोबर काम करायचं त्यांनाच परकं करणारा कागद त्यांनी सही केला नाही. मला त्याचा अभिमान आहे.
पण पैसा नाकारण्याचं बळ संघटनेला असतं. पुढच्या महिन्यात जिला बोहल्यावर उभं करणार आहेत, त्या चौदा वर्षांच्या मुलीला नसतं. तिच्यासाठी कुणी टीव्हीवाली बाई वसतिगृह बांधत असेल तर मी आजच जागा शोधायला निघेन.

अजिंक्यतारा
जागा शोधा, मीही येतो. पण कारभार पाहणाऱ्या समितीत निम्म्या तरी त्या मुलींच्या आया हव्यात. नाहीतर माझा विरोध कायम.

कृष्णाकाठ
आया फडावर असताना समितीला येणार कशा?

म्हसवडची सून
बैठक पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर ठेवायची. आणि आलेल्या दिवसाची मजुरी द्यायची, तीही त्या दात्याच्याच पैशातून.