शब्द हवाय : सुंदा संगीतातल्या ‘फ्यूजन’ला काय म्हणावं?

शब्दखुळी
इंडोनेशियात पश्चिम जावा भागात राहणाऱ्या सुंदा लोकांच्या संगीतावरचा एक लेख मराठीत आणतेय. दोन ठिकाणी गाडी अडलीय.

एक म्हणजे नाव. मागे एकदा मी ‘सुंदानी संगीत’ असं लिहून दिलं होतं आणि छापून आलं ‘सुदानी संगीत’. अनुस्वार चुकून पडलाय असं कुणाला तरी वाटलं असणार. बांबूची वाद्यं वाजवणारी जावाची माणसं थेट नाईलकाठी जाऊन बसली.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. मूळ मजकुरात एकाच पानावर अकरा वेळा ‘फ्यूजन’ आलंय. मिलाफ, मिश्रण, संगम, तिन्ही घालून पाहिले. वाचलं की सांस्कृतिक महोत्सवाची निमंत्रणपत्रिका वाटते. कुणाकडे शब्द आहे का?

आडवाट
‘संमीलन’ चालेल का? शाळेच्या विज्ञानात केंद्रकीय संमीलन होतंच की.

शब्दखुळी
त्यात दोन केंद्रकं एक झाली की पुन्हा वेगळी दाखवता येत नाहीत. गाण्यात दोन्ही ओळखू आली तरच मजा. शिवाय ‘संमीलन’ म्हटलं की मला शाळेचं स्नेहसंमेलन आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

आडवाट
मग आपल्याकडे ‘जोडराग’ आहेच. बसंतबहारमध्ये बसंतही दिसतो आणि बहारही. ‘जोडसंगीत’ म्हणा.

सुरपेटी
कामानिमित्त दोन वर्षं पश्चिम जावातल्या बांडुंगला होतो, घरी पेटी वाजवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

शब्द सापडत नाही याचं कारण मराठीत नाही, मूळ लेखात आहे. ‘फ्यूजन’ या एका शब्दाखाली तिथे अगदी उलट्या दिशेच्या गोष्टी कोंबल्या जातात. कुणाला जुळवून घ्यावं लागलं, हे तो शब्द सांगतच नाही.

सुंदा संगीतात खरी अडचण वाद्यांची नसते, स्वरांची असते. तिथल्या स्वरव्यवस्थेला ‘लारास’ म्हणतात. एक लारास ‘सालेन्द्रो’. यात सप्तकाचे साधारण सारखे पाच भाग, म्हणजे १२०० सेंटचं (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप) सप्तक धरलं तर दर स्वर जवळपास २४० सेंटवर. माझ्या पेटीवर पट्ट्या शंभर-शंभर सेंटवर. २४० कुठून आणणार? दोन पट्ट्यांच्या मधल्या लाकडातून?

दुसरा ‘पेलोग’. त्यातला ‘दगुंग’ नावाच्या लहान गामेलानचा (गामेलान म्हणजे काशाच्या वाद्यांचा ताफा) प्रकार पेटीवर कसाबसा उतरतो. एका विशिष्ट स्वराला षड्ज मानलं तर हाताला चक्क आपल्या गुणकली रागाचे स्वर येतात. मी आनंदाने तसं वाजवूनही दाखवलं. शेजारचे कचापि वाजवणारे आजोबा ऐकून हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, फक्त सगळे स्वर थोडे थोडे चुकलेत.

आणखी एक गंमत. त्यांची सरगम ‘दा मि ना ति ला’, १ ते ५ आकड्यांत लिहितात. पण १ हा सर्वांत वरचा स्वर, आणि आकडा वाढला की सूर खाली उतरतो. माचयार आंगा कुसुमादिनाता या शिक्षक-संशोधकाने ही पद्धत बसवली. महिनाभर मी सगळं उलटं वाजवत होतो.

शब्दखुळी
कचापि म्हणजे आपली कच्छपी?

सुरपेटी
तीच. सरस्वतीच्या वीणेचं नाव कच्छपी, त्यावरूनच हा शब्द तिकडे गेला. वाद्य मात्र वीणेसारखं नाही. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, मोठ्या कचापिला १८. आकार नावेसारखा. मोठीला ‘इंडुंग’ म्हणजे आई म्हणतात आणि तिच्यासोबत वाजणारी धाकटी १५ तारांची.

तारांखाली सुटे लहान घोडे असतात. ते बोटाने सरकवले की लारास बदलतो. त्यामुळे कचापि कुणाशीही जमवून घेते. गामेलानच्या काशाच्या पट्ट्या मात्र घडवतानाच ठरलेल्या. सूर बदलायचा तर कानस घेऊन धातू घासायचा. मैफिलीच्या मध्यंतरात ते कोण करणार?

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवा. १९३८ साली डाएंग सुतिग्ना या शिक्षकाने आंगक्लुंग हे बांबूचं वाद्य पाश्चात्त्य सा-रे-ग-म मध्ये लावलं. हलवलं की एकच सूर देणारं हे वाद्य पूर्वी भातशेतीच्या विधींमध्ये वाजायचं, भाताच्या देवीसाठी. ती देवीही ‘श्री’च बरं का, न्यी पोहाची सांग्यांग श्री. नव्या सुरात लावल्यावर शाळेतली पोरं त्यावर युरोपातली गाणी वाजवू लागली. १९६६ मध्ये उजो ङालागेना यांनी बांडुंगला केंद्र काढलं, २०१० मध्ये आंगक्लुंग युनेस्कोच्या यादीत आलं. इथे बांबूने पियानोशी जमवून घेतलं.

याच्या उलट ‘क्राकाटाऊ’ हा बँड. १९८० च्या दशकात जॅझ वाजवणारी ही बांडुंगची मंडळी पुढे सुंदा संगीताकडे वळली. द्विकी धर्मवान यांनी कीबोर्डचेच सूर पेलोग आणि सालेन्द्रोत लावून घेतले. बास गिटार बिनपडद्यांची घेतली, म्हणजे बोट हवं तिथे थांबेल. इथे पियानोने काशाशी जमवून घेतलं. आपल्याकडे विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम केली, तीही याच जातीची खटपट.

दोन्हीला ‘फ्यूजन’ म्हटलं की कोण कुणाच्या घरी राहायला गेलं ते कळत नाही.

शब्दखुळी
अहो, मग शब्द मिळाला! कलम. आंब्याचं असतं ना, तसं. आंगक्लुंगमध्ये खुंट पाश्चात्त्य, वरची काडी सुंदा. क्राकाटाऊत खुंट सुंदा, काडी जॅझची. ‘कलमी संगीत’. मी तर लिहायलाही बसले.

रायवळ
ताई, जरा थांबा. आमची देवगडला कलमं आहेत. खुंट रायवळचा असला तरी फळ काडीचं लागतं. रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधली तर हापूसच खाता, रायवळ नाही. खुंट फक्त पाणी ओढतो.

तुमच्या हिशेबाने क्राकाटाऊत काडी जॅझची, म्हणजे फळही जॅझचंच. सुरपेटी सांगतायत ते उलट आहे, तिथे कानाला चव लागते लारासची. म्हणजे लारास ही काडी आणि कीबोर्ड हा खुंट. आंगक्लुंगचंही फिरवा. तिथे खुंट बांबू, काडी सा-रे-ग-म.

शब्दखुळी
च्च! बरोबर आहे. दोन परिच्छेद खोडते.

आडवाट
रायवळ यांना +१. उपमा वापरायची तर शेतावर जाऊन विचारून घ्यावी.

सुरपेटी
फिरवल्यावर उलट जास्त पटतंय. पण ‘कलम’ सगळीकडे लावू नका. जाइपोंगन हा तिथला नाच-गाण्याचा प्रकार घ्या. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो रॉक अँड रोलला ‘ङाक-ङिक-ङोक’ म्हणून हिणवायचे. (आपल्या ‘ङ’ला ‘वाङ्मय’ सोडून पहिल्यांदाच काम मिळालं.) परदेशी गाण्यांना आडकाठी झाली, आणि पुढे १९७० च्या दशकात गुगुम गुंबिरा यांनी गावातला केतुक तिलु हा नाच, पेंचाक सिलाट या युद्धकलेचे पवित्रे असं घेऊन जाइपोंगन उभं केलं. ढोल, गाँग, रबाब. एकही पाश्चात्त्य वाद्य नाही. तरी गावच्या म्हाताऱ्यांना ते नवंच वाटलं आणि शहरातल्या पोरांना आपलं. याला फ्यूजन म्हणणं चूक. तिकडे ‘क्रेआसी बारू’ म्हणतात, नवी रचना.

‘जाइपोंग’ हा शब्द ढोलाच्या बोलांवरून आला असं सांगतात. ढोलकीच्या बोलांवर पोसलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही.

आडवाट
ते हेवी मेटल रॉकवाले कोण? मी एका चित्रफितीत काळे टी-शर्ट घातलेली, गोंदवलेली पोरं तोंडाला बांबूची पट्टी लावून बसलेली पाहिली.

सुरपेटी
कारिंडिंग. आपलं मोरचंग, पण बांबूचं. बांडुंगजवळच्या उजुंगबरुंगच्या मेटल बँडमधल्या मुलांनी ते उचललं, त्यातून ‘कारिंडिंग अटॅक’ निघाला. तिथे तर गिटार खाली ठेवून बांबूच हातात घेतला. जोड नाही, कलम नाही. मेटलमधून आला तो जोर आणि त्वेष. जुन्या धाटणीच्या गोष्टीला सुंदा भाषेत ‘बुहुन’ म्हणतात आणि ही पोरं तो शब्द अभिमानाने वापरतात. आपल्याकडे ‘जुनाट’ म्हटलं तर भांडण होईल.

शब्दखुळी
‘पुरातन’ जड होतं. ‘जुनं-जाणतं’?

आडवाट
चालेल. पण वाद्याला ‘जाणतं’ म्हणाल का?

शब्दखुळी
जे लोक वाद्यालाच ‘इंडुंग’, आई म्हणतात, त्यांच्या वाद्याला म्हणेन.

लेखात आणखी एक नाव आहे. लू हॅरिसन या अमेरिकन संगीतकाराने १९७८ मध्ये फ्रेंच हॉर्न, सुलिंग (बांबूची बासरी) आणि गामेलान दगुंगसाठी रचना केली, ‘मैन बर्सामा-सामा’. याचा अर्थ?

सुरपेटी
‘मैन’ म्हणजे खेळणं आणि वाद्य वाजवणंही, इंडोनेशियन भाषेत दोन्हीला एकच क्रियापद. ‘बर्सामा-सामा’ म्हणजे एकत्र, सोबतीने. त्यातला ‘सामा’ हा आपला संस्कृत ‘सम’. मराठीत वाजवणं वेगळं, खेळणं वेगळं, त्यामुळे अर्धा अर्थ सांडणारच. ‘सोबतीनं वाजवू’ इतकंच ठेवा. तिथेही हॉर्नवाल्यालाच ओठांनी सूर सरकवावा लागतो, कासं हलत नाही.

रायवळ
म्हणजे तिथेही काडी काशाची.

शब्दखुळी
सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवलंय : सरसकट उल्लेख येईल तिथे ‘फ्यूजन’च राहू देते, वाचकाला तो शब्द परका नाही. आंगक्लुंग आणि क्राकाटाऊसाठी ‘कलम’, पण खुंट कोणता, काडी कोणती ते तिथल्या तिथे सांगून. जाइपोंगनला ‘नवी घडण’. कारिंडिंगच्या पोरांना कुठलंच लेबल नाही. अकराचे चार उरलेत. आणि ‘सुंदानी’ की ‘सुंदा’?

सुरपेटी
‘सुंदा’. ते स्वतः भाषेला ‘बासा सुंदा’ आणि माणसांना ‘उरांग सुंदा’ म्हणतात, नामच विशेषणासारखं वापरतात. भूगोलात सुंदा सामुद्रधुनी शिकलोय, क्राकाटाऊ ज्वालामुखी तिथलाच. वाचकाला ओळखीचं वाटेल.

आडवाट
आणि छापायला देताना अनुस्वाराभोवती लाल गोल करा. नाहीतर पुन्हा नाईल.