नवरा गप्प झालाय. हे डिप्रेशन की गाठीचाच परिणाम?

वाईची_सून
मिस्टरांची मेंदूतली गाठ जानेवारीत काढली. उजवीकडे, कपाळामागे होती, ग्लायोमा. मग पुण्यात राहून ३० वेळा रेडिएशन. आता घरी आहोत. पहाटे दुकानाचं शटर उघडणारा माणूस चहाचा कप धरून बसतो, वर साय धरते, मी कप काढून घेतला तरी पत्ता नसतो. रडत नाहीत, चिडत नाहीत. काही विचारलं की "बरंय".

स्टेरॉइड चालू होतं तेव्हा नेमकं उलटं. रात्री दोनला माळ्यावरचे डबे काढून पुसत बसले होते. सासूबाई म्हणतात, तेव्हाच बरा होता!

मागच्या तपासणीला नऊ प्रश्नांचा कागद दिला. हे बोलेनात, म्हणून मीच भरला. १३ आले. डॉक्टर म्हणाले, एवढ्या आजारपणात असं व्हायचंच, आणि पुढचा पेशंट आत. मग तो कागद भरून घेतला कशाला?

जुनी_सिस्टर
ताई, तो पीएचक्यू-९, डिप्रेशन आहे का ते चाळायचा कागद. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, एकूण मार्क २७. १० किंवा जास्त आले की नीट तपासायचं असतं. ती चाळणी आहे, निदान नव्हे. पण चाळून झाल्यावर पुढे कोणी बघायचंच नसेल तर तुमचा राग बरोबर आहे.

झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं यांचे मार्क वेगळे काढा. रेडिएशननंतर ते तसेही चढतात. पहिले दोन प्रश्न बघा: कशात रस नाही, उदास वाटतं. आणि नववा, मरणाच्या विचारांचा. तिथे काय लिहिलंत?

वाईची_सून
शून्य. विचारलंच नव्हतं.

जुनी_सिस्टर
मग आज विचारा, एकांतात, सरळ शब्दांत. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-बेरात्री गरज पडली तर टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

मानसोपचार_शिकाऊ
पेशंट न बघता निदान करणार नाही. पण मेंदूच्या पुढच्या भागाला धक्का बसला की माणूस उदास नसतानाही थंड पडतो. सुरुवातच होत नाही. कोणी हाताला धरून ताटावर बसवलं तर जेवतो, विनोदाला हसतो. डिप्रेशनमध्ये बहुधा जेवणाची चवही जाते, "मी ओझं झालोय" असं येतं. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला दाखवाच.

फिटची गोळी कोणती आहे? लेव्हेटिरासेटमने काहींची चिडचिड वाढते, काही खचतात. चिठ्ठी सोबत न्या, पण मनाने गोळी बंद करू नका, फिट येईल. रात्री दोनचे डबे स्टेरॉइडचे असू शकतात, आणि स्टेरॉइडचा डोस उतरवताना मनही उतरू शकतं. हेही तारखांसकट सांगा. सुस्ती एकदम वाढली, डोकेदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

वाईची_सून
काल रात्री विचारलं. बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मरायचं नाही गं. पण उठायचं कशाला, ते सापडत नाही." ऑपरेशननंतरचं सगळ्यात लांब वाक्य. कागदाच्या मागे तसंच्या तसं लिहून ठेवलंय, गोळी लेव्हेटिरासेटमच आहे तेही. सोमवारी नेतेय. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून सांगितलंय.